पायजम्यातली पदवी!

वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, कॅमेरा ऑफ आणि हातात वाफाळता चहा. ऑनलाइन कॉलेज म्हटलं की हाच सीन ना? पण या पायजम्याचं कापड किती जुनं आहे, माहीत आहे का?

चला, १८४० मध्ये. इंग्लंडात एका पेनीत पत्र देशभर कुठंही पोचू लागलं आणि आयझॅक पिटमन साहेबांची ट्यूब पेटली. त्यांनी शॉर्टहँडचे धडे चक्क टपालानं पाठवायला सुरुवात केली! विद्यार्थी बायबलमधला उतारा लघुलिपीत उतरवून परत पाठवायचे, साहेब चुका दुरुस्त करून धाडायचे. असाइनमेंट सबमिट, फीडबॅक रिसीव्ह. सर्व्हर कोण? पोस्टमन!

अभ्यासाला वेळच मिळत नाही म्हणता? नेल्सन मंडेलांनी कायद्याची पदवी कैदेत राहून, दूरशिक्षणानं पूर्ण केली. साल १९८९, वय ७०. विद्यापीठ दक्षिण आफ्रिकेचं युनिसा. सबबी शोधणाऱ्यांनी गुपचूप पुढच्या परिच्छेदात सरकावं.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे पहिले विद्यार्थी १९७१ मध्ये अभ्यासाला लागले. बीबीसीवर रात्री-अपरात्री लेक्चर्स, आणि घरी पार्सलनं काय यायचं, माहीत आहे का? केमिस्ट्रीचं सामान आणि मायक्रोस्कोप! म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्यावर एकीकडे चहाचं आधण, दुसरीकडे परीक्षानळी. कप नीट बघून उचला हं!

आता टीव्हीची गंमत. प्लाझ्मा टीव्ही आठवतो? तो स्क्रीन क्रिकेट बघायला जन्मलाच नव्हता. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९६० पासून 'प्लेटो' नावाची कॉम्प्युटरवर शिकवणारी सिस्टिम चालायची. तिच्यासाठी डोनाल्ड बिट्झर आणि मंडळींनी १९६४ मध्ये प्लाझ्मा डिस्प्ले शोधला. पुढे टचस्क्रीनही आला, १९७२ च्या आसपास! मग या महागड्या ज्ञानयंत्रावर पोरांनी काय केलं? चॅटिंग आणि गेम्स. पोरं तेव्हाही पोरंच होती.

कॉलेजच्या 'मूडल'वर असाइनमेंट अपलोड करताना तुमचा मूड जातो? मग हे ऐकाच. मूडल बनवणारा मार्टिन डुगियामस ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वाढला. जवळपास शाळाच नाही, त्यामुळे लहानपणीचे धडे रेडिओवरून! अशा पोरानं मोठेपणी जगभरच्या वर्गांना ऑनलाइन छप्पर दिलं. आणि मूडलमधला 'एम' सुरुवातीला होता मार्टिनचा. थोडा भाव खाल्ला, पण हक्कानं!

आता आमचा सर्वांत लाडका किस्सा. फेब्रुवारी २०१३. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचा, 'कोर्सेरा' या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचा नवा कोर्स. विषय: ऑनलाइन कोर्स कसा चालवावा. नावं नोंदवली ४० हजारांहून जास्त लोकांनी. गट पाडायचे म्हणून सगळ्यांना एकच गुगल स्प्रेडशीट दिली. त्या शीटमध्ये तेव्हा एका वेळी ५० जण लिहू शकत होते, आणि दारात उभे ४० हजार! दादर स्टेशनवर संध्याकाळी सहाला एकच तिकीट खिडकी उघडी ठेवा, सेम इफेक्ट. आठवडाभरात कोर्स बंद. स्विमिंगचा क्लासच बुडाला की हो!

पण हसू नका, कारण याच जॉर्जिया टेकनं पुढच्याच वर्षी कॉम्प्युटर सायन्सची ऑनलाइन मास्टर्स डिग्री सुरू केली, सात हजार डॉलरच्या आत. आणि तिथंच भेटली जिल.

जिल वॉटसन. २०१६, प्रा. अशोक गोयल यांचा एआयचा वर्ग. सुमारे ३०० विद्यार्थी, सेमिस्टरला १० हजारांच्या घरात प्रश्न. उत्तरं द्यायला असिस्टंट्सची टीम, त्यात ही जिल. उत्तर झटपट, सूर नम्र, वैताग शून्य. एक विद्यार्थी तर तिचं नाव 'बेस्ट असिस्टंट'साठी सुचवणार होता. सेमिस्टर संपता संपता सरांनी गुपित फोडलं: जिल माणूस नाही, प्रोग्रॅम आहे! एआय शिकणाऱ्यांनाच एआयनं गंडवलं. चॅटजीपीटीच्या सहा वर्षं आधी!

घरच्या मैदानात येऊ. २० सप्टेंबर २००४ ला भारतानं 'एज्युसॅट' हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला. वर्ग इतका वर की खडूही पोचू नये. २०१७ मध्ये 'स्वयम्' हे सरकारी ऑनलाइन कोर्सचं पोर्टल आलं. त्याचं पूर्ण नाव एका दमात म्हणा: स्टडी वेब्ज ऑफ ॲक्टिव्ह-लर्निंग फॉर यंग ॲस्पायरिंग माइंड्स. आधी नाव ठरलं आणि मग त्याच्या मापाची इंग्रजी शिवून घेतली, असा आमचा दाट संशय!

आणि नाशिक? १९८९ मध्ये तिथं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं. ब्रीद: 'ज्ञानगंगा घरोघरी'. गोदावरीला 'गंगा' म्हणणाऱ्या नाशिककरांना यात नवल ते काय!

जाता जाता एक आकडा. एमआयटीनं (कोथरूडची नव्हे, अमेरिकेची!) २०१२ मध्ये सर्किट्सचा फुकट कोर्स काढला. शिकवणाऱ्या टीमचे कप्तान मंगळुरूचे अनंत अगरवाल. नोंदणी सुमारे १ लाख ५५ हजार. पास झाले ७,१५७. त्यात पैकीच्या पैकी मार्क मिळवणारा मंगोलियाचा एक १५ वर्षांचा मुलगाही होता. पुढे तो थेट एमआयटीतच शिकायला गेला.

उरलेले दीड लाख कुठं गेले, ते आम्हाला विचारू नका. आमचा पायथनचा कोर्स तिसऱ्या आठवड्यावर अडकलाय. तुमचा कितव्यावर?