नेमाचं पिस्तूल वेगळं, कमरेचं वेगळं

एटापल्लीत बंदूक म्हटलं की पोटात गोळा येतो. पण पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या मुली विचारतात, म्हणून आज आम्ही पिस्तुलाबद्दल बोलतो.

पोलादी सांगाड्याचं पिस्तूल जड असतं, म्हणून झटका कमी बसतो, नेम स्थिर राहतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. त्या खेळात पॉइंट बावीसची गोळी, वजन १४०० ग्रॅमपर्यंत. तेच वजन दिवसभर कमरेला जड होतं; तिथे अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा हलका, पण झटका जास्त.

शिकायचं तर आधी हवेच्या पिस्तुलावर, प्रशिक्षकासमोर. परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणं गुन्हा आहे. परवाना असला तरी पिस्तूल कुलपात, गोळ्या वेगळ्या ठेवा. लेकरांचा हात तिथे पोचता कामा नये.