कौल, फासे आणि धम्म

सिंधुदुर्ग जिल्ह्यात 'कौल लावणे' ही प्रथा आजही रूढ आहे. देवतेच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या, पाने किंवा तांदळाचे दाणे लावून गाऱ्हाणे घातले जाते. उजवीकडचे पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगावरून नव्हे, तर कौलाने ठरते. आचऱ्याची 'गावपळण'ही रामेश्वराच्या कौलाने ठरते आणि सारा गाव गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहतो. गावाने एकत्र येण्याचा हा प्रसंग असेल तर त्यात कोणाची हानी नाही. परंतु आजारपण, सोयरीक, जमिनीचा वाद यांचाही निर्णय जेव्हा पाकळीवर सोपविला जातो, तेव्हा या प्रथेचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात भगवंतांनी 'तिरच्छानविज्जा' म्हणून ज्या उपजीविका वर्ज्य ठरविल्या, त्यांत अंगलक्षणे, स्वप्नफल, उंदरांनी कुरतडलेल्या वस्त्रांवरून शकुन यांच्याबरोबर 'आदासपञ्ह', 'कुमारिकपञ्ह' आणि 'देवपञ्ह' यांचा उल्लेख आहे. देवपञ्ह म्हणजे देवतेस प्रश्न विचारून उत्तर मिळविणे. अट्ठकथेने त्याचा अर्थ दासीच्या अंगात देवता आणून प्रश्न विचारणे असा दिला आहे. कोकणातील 'अवसर' आणि कौल ही याच कुळातील होत.

येथे एक शंका प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बौद्ध जगतात फासे नव्हते काय? होते. 1890 साली मध्य आशियातील कुचा येथे मिळालेल्या व आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात असलेल्या बावर हस्तलिखितात फाशांवरून भविष्य सांगणारे दोन ग्रंथ आहेत. तिबेटात मिफाम (1846–1912) यांनी मंजुश्रीच्या सहा अक्षरांचा फासा रूढ केला. तो दोनदा टाकून 36 उत्तरे निघतात. म्हणजे बौद्ध समाजांतही लोकाचार शिरला. पण लोकाचार शिरला म्हणून तो धम्म होत नाही. कालामसुत्ताने परंपरेलाही तपासूनच स्वीकारावयास सांगितले आहे.

तपासून पाहू. पाकळी कोणत्या बाजूची पडावी हे ओलावा, वजन, वारा आणि लावणाऱ्याचा हात यांवर अवलंबून असते. दोन्ही बाजू समान मानल्या तर सलग तीन वेळा उजवा कौल पडणे आठांत एकदा आपोआप घडते. 'देवाने तीनदा होकार दिला' यात अद्भुत असे काही नाही. शिवाय गाऱ्हाणे घालण्याचा मान परंपरेने ठराविक घराण्यांचा असतो. म्हणून प्रश्न कोणता विचारावा आणि उत्तराचा अर्थ काय लावावा, हे देव नव्हे, माणसेच ठरवितात. ज्यांना शतकानुशतके मंदिराच्या पायरीबाहेर ठेवले गेले, त्यांच्या प्रश्नांना तेथे कोणता कौल मिळाला?

नक्खत्तजातकात मुहूर्त पाहणाऱ्या घराने सोयरीक गमावली. मुलाला ताप असता कौलाची वाट पाहणारे घर त्याहून मोठे मोल देते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा या अधीनतेतून सुटण्यासाठीच आहेत. कौल मागावयाचा असेल तर तो स्वतःच्या विवेकाकडे, वैद्यकीय तपासणीकडे आणि न्यायालयाकडे मागावा. 'अत्तदीप' होणे याचा व्यवहारातील अर्थ हाच, असे आम्ही मानतो.