यादीत चढलेली नावे, यादीतून उतरलेली नावे

१० नोव्हेंबर २०२५ रोजी सीरियाचे राष्ट्राध्यक्ष अहमद अल-शरा व्हाइट हाउसमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना भेटले. काही वर्षांपूर्वीपर्यंत याच गृहस्थांना जग अबू मुहम्मद अल-जोलानी या नावाने ओळखत होते. अल कायदाशी जोडलेल्या 'नुसरा फ्रंट'चे ते म्होरके होते आणि त्यांचा ठावठिकाणा सांगणाऱ्याला एक कोटी डॉलरपर्यंतचे बक्षीस खुद्द अमेरिकेने लावले होते. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या फौजांनी दमास्कस घेतले आणि त्याच महिन्यात ते बक्षीस मागे घेण्यात आले. जुलै २०२५ मध्ये त्यांची 'हयात तहरीर अल-शाम' ही संघटना अमेरिकेच्या परदेशी दहशतवादी संघटनांच्या यादीतून निघाली. नोव्हेंबरमध्ये, या भेटीच्या अवघे चार दिवस आधी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनेही शरा यांचे नाव आपल्या निर्बंधयादीतून वगळले.

या साऱ्या चढउतारात न्यायालय कुठेच नव्हते. नाव चढले ते सरकारी सहीने, आणि उतरले तेही तशाच सहीने. 'अमुक संघटना दहशतवादी घोषित' ही बातमी आपण मात्र एखाद्या निकालासारखी वाचतो. प्रत्यक्षात तो प्रशासनाचा निर्णय असतो. असा निर्णय घेण्याचा अधिकार राज्यसंस्थेला असावा की नाही, हा वाद आज फारसा कोणी घालत नाही. मुंबईने २००८ च्या नोव्हेंबरात जे पाहिले त्यानंतर तो घालणे अवघडही आहे. खरा प्रश्न पुढचा आहे. नाव चढवताना काय तपासले जाते, चढल्यावर त्याची झळ कोणाकोणाला लागते, आणि चूक झाली असेल तर ते उतरवायचे कसे?

आधी एक अडचण सांगायला हवी. दहशतवादाची सर्व देशांना मान्य असलेली कायदेशीर व्याख्याच अस्तित्वात नाही. या विषयावरच्या सर्वसमावेशक आंतरराष्ट्रीय कराराचा मसुदा भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडला. तो अजून चर्चेतच आहे. घोडे अडले आहे ते मुख्यतः दोन ठिकाणी. परकीय सत्तेविरुद्ध लढणाऱ्यांना या व्याख्येत धरायचे का, आणि सरकारी सैन्याने केलेल्या अत्याचारांचे काय करायचे? व्याख्या जमेना, तेव्हा देशांनी सोपा मार्ग धरला. दहशतवाद म्हणजे काय हे ठरवण्याऐवजी दहशतवादी कोण, याच्या याद्या करायला त्यांनी सुरुवात केली.

अमेरिकेची यादी १९९६ च्या कायद्यातून आली. परराष्ट्रमंत्र्याने तीन गोष्टी पाहायच्या: संघटना परदेशी आहे का, ती दहशतवादी कृत्ये करते किंवा तशी क्षमता आणि इरादा बाळगून आहे का, आणि तिच्यामुळे अमेरिकी नागरिकांना किंवा अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षेला धोका आहे का. 'राष्ट्रीय सुरक्षा' या शब्दांत परराष्ट्र संबंध आणि आर्थिक हितसंबंधही येतात. त्यामुळे तिसरी अट बरीच लवचीक आहे. निर्णय संसदेच्या प्रमुख नेत्यांना सात दिवस आधी कळवायचा आणि मग राजपत्रात छापायचा. त्यानंतर संघटनेला तीस दिवसांत वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात जाता येते. मात्र न्यायालयासमोर ठेवलेला गोपनीय भाग तिला पाहायला मिळत नाही. ८ ऑक्टोबर १९९७ रोजी पहिली यादी निघाली. तीत तीस नावे होती आणि श्रीलंकेतल्या तमिळ वाघांचे, म्हणजे 'लिट्टे'चे नाव त्यांत होते.

भारतातली वाट जुनी आहे आणि तिला दोन फाटे आहेत. एखादी संघटना 'बेकायदेशीर' घोषित करण्याचा अधिकार इंग्रज सरकारने १९०८ च्या कायद्याने स्वतःकडे घेतला आणि लगेच, जानेवारी १९०९ मध्ये, ढाक्याच्या अनुशीलन समितीवर तो वापरला. पुढे १९३२ मध्ये काँग्रेसच्या समित्याही याच कायद्याच्या कचाट्यात सापडल्या. स्वातंत्र्यानंतर हा कायदा पुस्तकात तसाच राहिला. १९५० मध्ये मद्रास सरकारने त्याच्या आधारे 'पीपल्स एज्युकेशन सोसायटी' बेकायदेशीर ठरवली. संस्थेचे सरचिटणीस व्ही. जी. रो न्यायालयात गेले आणि १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. संघटना करण्याचा हक्क मूलभूत आहे. त्यावर बंदी घालायची तर बंदीची कारणे न्यायालयीन चौकशीत तपासली गेली पाहिजेत, सरकारने नेमलेल्या सल्लागार मंडळाचे मत त्या चौकशीची जागा घेऊ शकत नाही, असे त्या निकालाचे सार होते.

१९६७ चा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे आजचा 'यूएपीए', याच शिकवणीवर उभा राहिला. संघटना 'बेकायदेशीर' घोषित केली की सरकारने तीस दिवसांत प्रकरण उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या न्यायाधिकरणाकडे पाठवायचे आणि न्यायाधिकरणाने सहा महिन्यांत निर्णय द्यायचा. बंदीला मुदत असते. पूर्वी ती दोन वर्षांची होती, आता पाच. ही चौकशी नुसता उपचार नसते, हे ऑगस्ट २००८ मध्ये दिसले. 'सिमी'वरची बंदी कायम करायला न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या न्यायाधिकरणाने नकार दिला. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि बंदी पुढे चालू राहिली, हा भाग वेगळा. सरकारला कारणे मांडावी लागली आणि ती अपुरी आहेत असे एका न्यायाधीशाला म्हणता आले, हे महत्त्वाचे.

दुसरा फाटा २००४ मध्ये फुटला. 'पोटा' कायदा रद्द झाला, पण त्यातली दहशतवादी संघटनांची अनुसूची 'यूएपीए'त आली. या अनुसूचीत नाव घालण्यासाठी संघटना दहशतवादात गुंतलेली आहे असे केंद्र सरकारला 'वाटणे' पुरेसे आहे. इथे न्यायाधिकरण नाही आणि मुदतही नाही. नाव काढायचे तर अर्ज ज्याने नाव घातले त्या सरकारकडेच करायचा. तो फेटाळला गेला तर एक पुनर्विलोकन समिती आहे. तिचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश असतो, पण समिती नेमते सरकारच. २०१९ च्या दुरुस्तीने हीच पद्धत व्यक्तींनाही लागू केली. ४ सप्टेंबर २०१९ रोजी मसूद अझहर, हाफिज सईद, झकीउर रहमान लख्वी आणि दाऊद इब्राहिम ही पहिली चार नावे त्या नव्या अनुसूचीत चढली. त्या नावांबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण कायदा काही चार नावांपुरता होत नसतो. ज्या आरोपाचे परिणाम अधिक गंभीर, त्याचीच तपासणी कमी, असा उलटा न्याय या दोन फाट्यांमुळे झाला आहे.

आता राष्ट्रांच्या पंक्तीत काय होते ते पाहू. सुरक्षा परिषदेने १९९९ मध्ये १२६७ क्रमांकाच्या ठरावाने तालिबानवर निर्बंध लादले. पुढे त्यातून अल कायदा आणि तिच्याशी संबंधितांची जागतिक यादी तयार झाली. यादीची समिती परिषदेच्या पंधराही सदस्यांची असते आणि निर्णय एकमताने होतो. म्हणजे नकाराधिकार तिथे प्रत्येकाकडेच आहे. 'जैश-ए-महंमद' ही संघटना ऑक्टोबर २००१ पासून या यादीत होती. तिचा संस्थापक मसूद अझहर मात्र बाहेर होता. भारताने २००९ मध्ये त्याचे नाव सुचवले, २०१६ मध्ये पुन्हा सुचवले. २०१७ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी प्रस्ताव आणला. चीनची 'तांत्रिक हरकत' दर वेळी आड येत राहिली. पुलवामात चाळीस जवान गेल्यानंतर, १ मे २०१९ रोजी, ती हरकत उठली. नाव चढले, पण त्यासोबतच्या नोंदीत पुलवामाचा उल्लेख नव्हता. ही दहा वर्षे पुरावा शोधण्यात गेली नव्हती, मन वळवण्यात गेली होती.

यादीची दुसरी मर्यादा याहून साधी आहे. यादी नावावर चालते आणि नाव बदलता येते. 'लष्कर-ए-तोयबा'ला अमेरिकेने डिसेंबर २००१ मध्ये यादीत घातले, पाकिस्ताननेही पुढच्याच महिन्यात बंदी घातली. तिचा प्रमुख हाफिज सईद 'जमात-उद-दावा' या नावाने उजळ माथ्याने वावरत राहिला. २००५ च्या भूकंपात या संघटनेने मदतकार्य केले आणि त्यातून लोकांत नाव कमावले. जमात म्हणजेच लष्कर, अशी नोंद संयुक्त राष्ट्रांच्या यादीत झाली ती १० डिसेंबर २००८ रोजी. तोवर मुंबईत १६६ माणसे मारली गेली होती. काश्मीरमध्ये पुढे 'द रेझिस्टन्स फ्रंट' हे नाव आले. भारताने जानेवारी २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाममध्ये २६ जणांची हत्या झाली, त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. त्यानंतर जुलैमध्ये अमेरिकेने हे नाव लष्करच्या नोंदीला जोडले. यादी माणसांच्या मागे धावते ती ही अशी, एक पाऊल मागे राहून.

म्हणून मग कायद्यात 'सर्व आघाड्या आणि उपसंघटना' असे ऐसपैस शब्द येतात, आणि तिथून तिसरी गोष्ट सुरू होते. जाळे मोठे केले की त्यात इतरही अडकतात. अमेरिकेत यादीतल्या संघटनेला 'साहाय्य' करणे हा वीस वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, आणि साहाय्यात प्रशिक्षण आणि तज्ज्ञ सल्लाही येतो. काही मानवाधिकार कार्यकर्त्यांना कुर्दांच्या 'पीकेके'ला आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मार्गाने वाद सोडवायला आणि संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागायला शिकवायचे होते. तमिळ संस्थांना २००४ च्या त्सुनामीनंतर मदत मिळवण्यासाठी सल्ला द्यायचा होता. हेही चालणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१० मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. अशा सल्ल्यामुळे संघटनेची प्रतिष्ठा वाढते आणि तिची साधने हिंसेसाठी मोकळी होतात, असे बहुमताचे म्हणणे होते.

आपल्याकडे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की बंदी असलेल्या संघटनेचे नुसते सदस्य असणे हा गुन्हा नव्हे, हिंसेत सहभाग किंवा हिंसेची चिथावणी हवी. मार्च २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने हे मत चुकीचे ठरवले. त्यात 'यूएपीए'च्या जामिनाची अट जोडून पाहा. दहशतवादाचा आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर न्यायालयाला जामीन देता येत नाही. मग खटला चालेपर्यंतचा तुरुंगवास हीच शिक्षा होऊन बसते. अशा वेळी यादीतली एक ओळ म्हणजे एखाद्या माणसाच्या आयुष्यातली कित्येक वर्षे असू शकतात.

दोन्ही बाजूंची ही ओढाताण एका मतदानात स्वच्छ दिसली. ९ डिसेंबर २०२२ रोजी सुरक्षा परिषदेने आपल्या सर्व आर्थिक निर्बंधांतून मानवतावादी मदतीला सूट देणारा ठराव केला. औषधे आणि धान्य घेऊन जाणाऱ्या संस्थांना यादीची भीती नको, हा हेतू. चौदा मते बाजूने पडली. एकटा भारत तटस्थ राहिला. धर्मादाय संस्थेचा मुखवटा घालून फिरणाऱ्या संघटना या सुटीचा फायदा घेतील, ही भारताची शंका होती. जमातचा इतिहास माहीत असलेल्याला ती शंका अनाठायी वाटणार नाही. आणि उपाशी मुलापर्यंत गाडी पोचली पाहिजे, हेही त्याला नाकारता येणार नाही.

उरला प्रश्न नाव उतरण्याचा. इराणी राजवटीविरुद्ध लढणारी 'मुजाहिदीन-ए-खल्क' ही संघटना अमेरिकेच्या पहिल्या यादीत होती आणि ब्रिटनमध्येही तिच्यावर बंदी होती. ब्रिटनमध्ये अशा बंदीविरुद्ध दाद मागण्यासाठी स्वतंत्र अपील आयोग आहे. त्याने २००७ मध्ये बंदी चालू ठेवण्याचा निर्णय अवाजवी ठरवला, अपील न्यायालयाने तो निकाल उचलून धरला आणि जून २००८ मध्ये नाव उतरले. अमेरिकेत मात्र सप्टेंबर २०१२ उजाडावे लागले, तेही न्यायालयाने मंत्रालयाला मुदत घालून दिल्यावर. ज्यांच्यापाशी वकील, पैसा आणि वजनदार मित्र असतात त्यांना दार ठोठावता तरी येते. नेल्सन मंडेला यांना १९९३ मध्ये नोबेल मिळाले, १९९४ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. पण त्यांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या लोकांना अमेरिकेत प्रवेशासाठी २००८ पर्यंत खास सवलत मागावी लागे. मंडेलांच्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या जेमतेम अडीच आठवडे आधी खास कायदा करून ती नोंद पुसावी लागली. ती राहून गेली होती यामागे वैर नव्हते. नोंद पुसणे हे कोणाचेच काम नव्हते, म्हणून ती राहिली.

शरा यांचे नाव उतरायला दमास्कस घ्यावे लागले, मंडेलांचे उतरायला संसद लागली. ज्याच्यामागे यांतले काहीच नाही, अशा माणसासाठी कायद्याने दार ठेवायला हवे, आणि ते अवघड काम नाही. बंदीची कारणे, गोपनीय भाग सोडून, लेखी द्यावीत. दर काही वर्षांनी सरकारने स्वतःहून फेरतपासणी करावी. अमेरिकेच्या कायद्यात ती पाच वर्षांनी होते. आणि जी चौकशी 'बेकायदेशीर' संघटनेच्या वाट्याला येते ती 'दहशतवादी' ठरवलेल्या संघटनेच्या वाट्यालाही यावी. लष्कर किंवा जैश अशा चौकशीतून सुटणार नाहीत. त्यांच्याविरुद्धचा पुरावा तेवढा भक्कम आहेच. चौकशीचा उपयोग आहे तो ज्यांच्याविरुद्धचा पुरावा तेवढा भक्कम नाही त्यांच्यासाठी. व्ही. जी. रो यांच्या खटल्यात १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारकडे नेमके हेच मागितले होते.