शिस्त पापडाला, माया बाईला

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत आमच्या मंडळाचं फराळाचं काम जोरात चाललेलं. आणि मी प्रमुख! चकली मोडली की बोल, कोणी उशिरा आलं की सगळ्यांसमोर बोल. ‘काम नीट व्हायला नको का?’ हे माझं पालुपद.

आठवड्याभरात दोघींनी येणंच बंद केलं. त्यातली एक तर आमची चकलीतली सुगरण. बाकीच्या गप्प. एकदा रव्याच्या लाडवांचा पाक कच्चा राहिला. तिघींना ते दिसलं होतं, पण बोललं कोणीच नाही. सांगायला जाईल तिलाच बोलणी बसायची ना! परातभर लाडू वळता वळेनात.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला गिरगावातल्या ‘लिज्जत’ची आठवण झाली. १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणींनी तिथे पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल काय, तर उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी पाकिटं झाली चार. आज देशभरातल्या सुमारे ४५ हजार बायका या संस्थेत आहेत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

हे जमलं कसं? तिथे मालकीण कोणी नाही आणि नोकर कोणी नाही. प्रत्येक सभासद ‘बहीण’. नफा सगळ्यांचा, तोटाही सगळ्यांचा. शाखेची संचालिका बाहेरून येत नाही, बहिणींमधूनच निवडली जाते. पीठ घरी न्यायचं, घरचं सांभाळून लाटायचं, पापड आणून द्यायचे. म्हणून काही लाड नाहीत हं! सुरुवातीला त्या स्वस्तातला, हलका पापडही करत. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पांनी सांगितलं, पापड एकाच दर्जाचा करा. तो नियम आजही कडक आहे. म्हणजे शिस्त आहे, पण ती पापडाला. बाईचा पाणउतारा करायला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या सुगरणीच्या घरी गेले. माझं चुकलं, असं सरळ सांगितलं. ती म्हणाली, “ताई, आमच्याकडे पाणी येतं तेव्हाच तुमची कामाची वेळ. पाणी सोडून कशी येऊ?” इतकी साधी गोष्ट! मी कधी विचारलीच नव्हती.

आम्ही वेळ तासाभराने पुढे ढकलली. चूक झाली तर बाजूला घेऊन सांगायचं, असं ठरवलं. दोघीही परत आल्या. चार दिवसांनी तीच सुगरण माझ्या हातातला झारा धरून म्हणाली, “ताई, तेल अजून तापलं नाही.” सगळ्या हसल्या, मीही हसले. त्या घाण्यातली एकही चकली विरघळली नाही.

ऑफिस असो, बचत गट असो की आपल्या घरची मोलकरीण, तुमची चूक तुमच्या तोंडावर सांगायची हिंमत तिला होते का? एकदा विचारून तर पाहा.