कर्नलसाहेब, बूट झालात का?

पॉवरचं बटण दाबलं, चहाचा घोट घेतला, लॉगिन आलं. बस्स? छे! तेवढ्या वेळात पडद्यामागे केवढी धावपळ उडून गेली, माहीत आहे का? ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल (लष्करातला नव्हे, पण थाट तोच!). हा जागा होतो तेव्हा त्याला माउस कुठे, वाय-फाय कुठे, काही म्हणजे काही ठाऊक नसतं. एकेकाला हुडकायचं, नावगाव विचारायचं, जागा नेमून द्यायची आणि कामाला जुंपायचं. तेही काही सेकंदांत! चला, साहेबांच्या मागोमाग.

पहिली उलटतपासणी खुद्द प्रोसेसरची. ‘सीपीयूआयडी’ ही आज्ञा दिली की चिप बारा इंग्रजी अक्षरांत आपली ओळख सांगते. इंटेल म्हणते ‘जेन्युइनइंटेल’, एएमडी म्हणते ‘ऑथेंटिकएएमडी’. दोघंही अस्सल! पण सायरिक्स नावाच्या कंपनीची चिप काय म्हणायची, माहीत आहे का? ‘सायरिक्सइन्स्टेड’! थोडक्यात, त्यांना सोडा, आम्हाला घ्या. जाहिरात थेट सिलिकॉनवर. आणि राइज नावाच्या कंपनीची चिप? ‘राइजराइजराइज’. बारा अक्षरं भरली, विषय संपला.

मग लिनक्स हा कर्नल प्रोसेसरचा वेग जोखतो आणि आकडा देतो ‘बोगोमिप्स’मध्ये. होय, यातला ‘बोगो’ आपल्या रोजच्या ‘बोगस’चाच भाऊ. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सनेच हे नाव दिलं. आकडा दोन मशीनची तुलना करायला बिनकामाचा, हे नावातच कबूल करून टाकलेलं!

आता जरा नव्वदच्या दशकात चला. तेव्हाच्या पीसीत बसणारी आयएसए पद्धतीची कार्डं मुखदुर्बळ. आपण कोण, हे स्वतःहून सांगायची सोयच नाही. कार्डावरच्या इवल्याशा जंपरच्या टोप्या चिमट्याने हलवायच्या आणि पत्ता ठरवायचा. साउंड ब्लास्टर २२० वर, इंटरप्ट ५. नेटवर्क कार्ड ३०० वर. कर्नल बिचारा ठरावीक पत्त्यांवर टकटक करत फिरायचा: आहे का कुणी?

गंमत अशी, की ही टकटक धोक्याची होती. त्या पत्त्यावर भलतंच कार्ड बसलेलं असलं, तर नुसतं ‘कोण आहे?’ विचारल्यावर अख्खं मशीन गारठायचं. म्हणून लिनक्समध्ये बूट करताना ‘रिझर्व्ह’ असं लिहून ठरावीक पत्ते आरक्षित करता यायचे. अर्थ साधा: इथे फिरकू नका!

विंडोज ९५ ची युक्ती तर याहून भारी. इन्स्टॉल करताना शोधाशोधीत मशीन अडकलंच तर? प्रत्येक धोक्याची चाचणी करण्याआधी सेटअप ‘डेटक्रॅश’ नावाच्या फाइलमध्ये नोंद करून ठेवायचा. मशीन मेलं, तुम्ही शिव्या हासडत स्विच बंद-चालू केला, की सेटअप ती फाइल वाचायचा आणि जिथे जीव गेला होता नेमकी तेवढीच चाचणी टाळून पुढे सरकायचा. क्रॅश गृहीत धरूनच आखलेला कारभार! याला मी तरी दूरदृष्टी म्हणेन.

१९९३ मध्ये आयएसए कार्डांना वाचा फुटली. ‘प्लग अँड प्ले’ आलं. प्रत्येक कार्डात ७२ बिटांचा क्रमांक. सगळ्या कार्डांना एकदमच विचारायचं, बिट बिट करत. ज्याचा बिट १, ते बोलणार. ज्याचा ०, ते ऐकणार. आणि दुसरं कुणी बोलतंय असं कळलं, की त्या फेरीतून बाद. शेवटी उरलेल्या एकाला नंबर मिळायचा, मग पुढची फेरी. कागदावर झक्कास! प्रत्यक्षात मात्र लोकांनी त्याचं ‘प्लग अँड प्रे’ करून टाकलं. कार्ड लावा आणि देवाला कौल लावा.

सिरियल पोर्टचा माउस कसा ओळखायचे, माहीत आहे का? कर्नलने पोर्टच्या एका तारेवर इशारा दिला, की माउस एकच अक्षर पाठवायचा: एम. झाली ओळख!

पण विंडोज एनटी बूट होताना असाच माउस शोधायला जायची, आणि पोर्टला जोडलेला असायचा यूपीएस. इशारा गेला की यूपीएसला वाटायचं, बंद व्हायचा हुकूम आला. फट्! वीज जाऊ नये म्हणून आणलेला यूपीएसच वीज घालवायचा. शेवटी बूटच्या फाइलमध्ये ‘नोसिरियलमाइस’ असं लिहायची तजवीज करावी लागली. आणि जीपीएस जोडला असला तर? विंडोज कधी कधी त्यालाच माउस समजायची. तो उपग्रहांवरून आलेले आकडे पाठवायचा आणि पडद्यावरचा बाण भूत लागल्यासारखा सैरावैरा!

मग आयएसएच्या जागी पीसीआय आलं आणि पद्धत सुधारली. प्रत्येक कार्डात कंपनीचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक. इंटेलचा कंपनी क्रमांक कोणता, माहीत आहे का? ८०८६! १९७८ सालच्या त्यांच्या गाजलेल्या चिपचाच आकडा. गाडीला फॅन्सी नंबर घेणारे आपणच नाही तर!

२५६ बस, प्रत्येकीवर ३२ जागा, प्रत्येक जागी ८ उपकरणं. हिशेब ६५,५३६ घरांचा. बरीचशी रिकामीच. रिकाम्या घरातून उत्तर येतं ते सगळे एकच एक, म्हणजे ६५,५३५. म्हणून हा क्रमांक कुठल्याच कंपनीला मिळत नाही. तो ‘घरी कुणी नाही’साठी राखीव.

आणि कार्डाला मेमरीत जागा किती हवी, हे विचारायची रीत तर अफलातून. विचारायचंच नाही! कर्नल कार्डाच्या पत्त्याच्या रकान्यात सगळीकडे एक भरतो आणि लगेच परत वाचतो. कार्डाने खालचे काही बिट शून्यालाच कायमचे बांधलेले असतात, ते काही केल्या बदलत नाहीत. खालचे सोळा बिट शून्य दिसले? जागा हवी ६४ केबी. बोलणं नाही, चालणं नाही, मापं घेऊन मोकळा!

आता सगळ्यांची लाडकी यूएसबी. कर्नलला काही जोडलंय हे कळतं कसं? एका दीड किलोओहमच्या रेझिस्टरमुळे! यूएसबी २ पर्यंतच्या उपकरणांत तो डेटाच्या दोन तारांपैकी एकीला वर खेचतो. एक तार खेचली तर स्वारी संथ, दुसरी खेचली तर वेगवान. पिन घासत आत जाते तेव्हा कनेक्शन थरथरतं, म्हणून लिनक्स १०० मिलिसेकंद सगळं स्थिर होण्याची वाट बघतो. मग रीसेट. नव्या पाहुण्याचा पत्ता शून्य; कर्नल त्याला १ ते १२७ मधला एक देतो आणि १८ बाइटांचं ओळखपत्र मागतो. हुश्श! तुमचा पेनड्राइव्ह आता कुठे दिसू लागला.

या यूएसबीमागच्या इंटेलच्या टीममधलं मोठं नाव अजय भट्ट. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. २००९ मध्ये इंटेलने त्यांना जाहिरातीत रॉकस्टारसारखं मिरवलं. पण पडद्यावर ते स्वतः नव्हतेच! त्यांची भूमिका करणाऱ्या नटाचं नाव सुनील नारकर. आडनाव ऐकून कान टवकारले ना?

आणि यूएसबीचा सगळ्यात गाजलेला फियास्को? २० एप्रिल १९९८, शिकागो, कॉमडेक्स. मंचावर बिल गेट्स. सहकारी ख्रिस कापोसेला विंडोज ९८ दाखवतोय: बघा, स्कॅनर नुसता जोडायचा, बाकी सगळं आपोआप. जोडला. आणि भल्यामोठ्या पडद्यावर... निळा रंग, म्हणजे विंडोज कोसळल्याची खूण! प्रेक्षकांत हशा-टाळ्या. गेट्सनीही हसत बाजू सावरली: म्हणूनच अजून बाजारात आणलेलं नाही! कापोसेलाची नोकरी गेली असेल, असं वाटतंय? पुढे तो मायक्रोसॉफ्टचा मार्केटिंग प्रमुख झाला.

आपले कर्नलसाहेब भोळे मात्र फार. पेनड्राइव्हसारखी दिसणारी वस्तू म्हणाली ‘मी कीबोर्ड’, तर साहेब म्हणतात ‘ठीक, टाइप कर’. २०१४ मध्ये ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी ‘बॅडयूएसबी’ या नावाने नेमकं हेच दाखवलं. रस्त्यात सापडलेला पेनड्राइव्ह जोडताय? थांबा!

भोळे, पण खोटारडेही! मदरबोर्डचं फर्मवेअर एसीपीआय नावाच्या व्यवस्थेमार्फत विचारतं: तू विंडोज आहेस का? लिनक्स बेधडक सांगतो: हो! आणि ‘तू लिनक्स आहेस का?’ विचारलं तर? नाही! कारण बहुतेक बोर्डांची चाचणी विंडोजवरच झालेली असते. खरं बोललं, की कधीच न तपासलेल्या वाटेवर गाडी जायची.

तिकडे रास्पबेरी पायसारख्या एआरएम बोर्डांवर बरीचशी उपकरणं अजूनही मुकीच. तिथे कर्नलच्या हातात आधीच यादी दिली जाते: डिव्हाइस ट्री. तिच्या फाइलचा पहिला आकडा हेक्समध्ये वाचला तर दिसतं ‘डूड फीड’. इंजिनिअर लोकांचे विनोद, दुसरं काय!

यादीतल्या एखाद्याला वीज देणारी चिपच अजून उठली नसेल तर? ड्रायव्हर ५१७ नंबरचा एरर देतो. अर्थ: आत्ता नाही, नंतर या. कर्नल खरंच नंतर येतो.

तुमच्या करकरीत नव्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर कीबोर्डचं नाव बघा. बऱ्याच ठिकाणी सापडेल ‘एटी ट्रान्सलेटेड सेट २’. हे एटी म्हणजे आयबीएमचा १९८४ चा पीसी एटी! आणि बूट होताना पेंग्विन दिसले तर मोजा. प्रत्येक लॉजिकल कोअरमागे एक टक्स, म्हणजे लिनक्सचा पेंग्विन.

जाता जाता, पॅरलल पोर्टचा प्रिंटर. कर्नल आधी बघतो, कागद संपलाय का? नाही. ऑफलाइन आहे का? नाही. तरीही प्रिंटर म्हणतोय, काहीतरी बिघडलंय! मग लिनक्स शांतपणे निष्कर्ष काढतो आणि लिहितो: ‘एलपी० ऑन फायर’. प्रिंटर पेटला! हा संदेश आजही लिनक्सच्या कोडमध्ये आहे. दिसलाच कधी, तर आधी कुठे कागद अडकलाय का ते बघा. बंबवाल्यांना फोन त्यानंतर.