केळीवरील करपा (सिगाटोका)

पान पाहा, रोग ओळखा

• पानांवरचा बुरशीजन्य रोग. नाव फिजीतील सिगाटोका खोऱ्यावरून. पहिली नोंद मात्र जावातली, १९०२ची.

• सुरुवातीला पानावर शिरांना समांतर बारीक पिवळसर रेषा. पुढे त्यांचे लांबट तपकिरी ठिपके होतात. मध्यभाग राखाडी, भोवती पिवळी कडा. ठिपके एकमेकांत मिसळले की पान वाळते. घड नीट भरत नाही, केळी अवेळी पिकतात.

• केळीचाच पनामा मर हा रोग वेगळा. त्याची बुरशी मातीतून मुळांत शिरते. खोड कापल्यास आत लालसर-तपकिरी रंग दिसतो. फवारणीने तो आटोक्यात येत नाही.

• करपा दमट हवेत, दाट बागेत फोफावतो. रोगट पाने कापून बागेबाहेर नष्ट करावीत, जादा पिले काढावीत, पाण्याचा निचरा राखावा. प्रोपिकोनॅझोलसारखी बुरशीनाशके शिफारशीनुसार, आलटून-पालटून.