संगणक साक्षरतेची परीक्षा : गुण कोणाचे, लाभ कोणाचा?

पेठला बाजाराच्या दिवशी बँकेत पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका दिवशी एक भगिनी आमच्या खिडकीशी आल्या. एटीएम कार्ड आणि चार आकडे लिहिलेली चिठ्ठी पुढे करून म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच काढून द्या." गुप्त क्रमांक कोणालाही द्यायचा नसतो, असे आम्ही समजावू लागलो, तेव्हा त्यांनी पिशवीतून संगणक साक्षरतेचे प्रमाणपत्र काढून दाखविले. त्या उत्तीर्ण होत्या! परीक्षेला माऊस कोणी धरला होता, असे विचारता संकोचून म्हणाल्या, "सरांनीच दाबलं. लाईट जाईल म्हणून घाई होती."

हा दोष त्या भगिनींचा नव्हे, आणि एकट्या सरांचाही नव्हे. परीक्षेची रचनाच कशी असते ते पाहिले पाहिजे.

ग्रामीण कुटुंबांसाठी प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान 2017 साली मंजूर झाले व मार्च 2024 अखेर संपले. प्रशिक्षण 20 तासांचे, उमेदवाराला विनामूल्य. अभियान संपताना सुमारे 6 कोटी 39 लाख लोक प्रशिक्षित झाले होते आणि पावणेपाच कोटींहून अधिक लोकांना प्रमाणपत्र मिळाले होते. काम प्रचंड होते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु शिकविणाऱ्या केंद्राला उमेदवारामागे 300 रुपये मिळत, ते उमेदवार उत्तीर्ण झाल्यावर. परीक्षा घेणारी संस्था वेगळी असे, तरी उमेदवाराच्या शेजारी उभा असणारा माणूस केंद्राचाच. ज्याचे पोट निकालावर आहे त्यालाच पहाऱ्यावर ठेवायचे, हा प्रकार आमच्या बँकेत चालत नाही. रोखपाल स्वतःच्या तिजोरीची तपासणी स्वतः करीत नाही.

दुसरी बाजू शासकीय नोकरांची. महाराष्ट्रात त्यांना संगणक अर्हता परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी 31 डिसेंबर 2007 ही मुदत होती, न झाल्यास वेतनवाढ रोखली जाई. अनेकांनी त्यासाठी एमएस-सीआयटी केले. या अभ्यासक्रमाचे शिक्षण महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या केंद्रांत होते आणि अंतिम परीक्षा तंत्रशिक्षण मंडळ घेते. ही विभागणी आम्हांस योग्य वाटते. मात्र वेतनवाढ टांगणीला लागली की माणूस शिकण्यापेक्षा कागद मिळविण्याकडे वळतो. (आम्हीही कधीकाळी प्रश्नसंच पाठ केले होते, हे कबूल करतो.)

युरोपीय आयोगाने 2013 साली डिजिटल क्षमतेची चौकट प्रसिद्ध केली. तीत माहिती शोधणे, संपर्क, मजकूर तयार करणे व अडचणी सोडविणे यांच्याबरोबर सुरक्षितता हे स्वतंत्र क्षेत्र आहे. चार पर्यायांतून अचूक उत्तर निवडता येणे म्हणजे सुरक्षितता आली असे नव्हे. पिनविषयीचे उत्तर बरोबर निवडणारा माणूस दुसऱ्या दिवशी तोच पिन चिठ्ठीवर लिहून देऊ शकतो.

अंगठ्याचा मुद्दा तर त्याहून गंभीर. आमच्या वडिलांच्या पिढीने अंगठा सोडून सही शिकण्यात अभिमान मानला. आता आधारशी जोडलेल्या खात्यातून अंगठ्यानेच पैसे निघतात. नोंदणीसाठी वा परीक्षेसाठी यंत्रावर अंगठा घेणाऱ्याने तो कशासाठी घेतो, हे उमेदवाराला समजेल अशा बोलीत आधी सांगितले पाहिजे. पेठ तालुक्यात बहुसंख्य लोक कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाचे. त्यांच्यापुढे छापील मराठीतली संमती वाचून दाखविणे पुरेसे नाही. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही स्पष्ट व समजून दिलेली संमती अपेक्षित आहे.

आपल्या विहारात असा वर्ग भरवायचा झाल्यास परीक्षा घेणारा बाहेरून आणावा. वीज गेली तर परीक्षा दुसऱ्या दिवशी घ्यावी. नापास झालेल्याला पुन्हा फुकट बसू द्यावे आणि त्याचे नाव फळ्यावर लिहू नये. प्रश्नपत्रिकेसोबत एक काम द्यावे, जसे की स्वतःच्या खात्यातील शिल्लक स्वतः पाहणे. ती रक्कम मात्र परीक्षकाने पाहू नये.

त्या भगिनींचा पिन आम्ही त्याच दिवशी बदलावयास लावला. त्यांनी नवा क्रमांक टाकला तेव्हा आम्ही यंत्राकडे पाठ करून उभे होतो. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. बाहेर रांग वाढत होती आणि साहेब घड्याळ पाहत होते.